एडमंड कॅम्पियनवर कोणतं कलम लावायचं?

१५८१च्या नोव्हेंबरमध्ये राणी एलिझाबेथच्या सरकारी वकिलांपुढे एक कैदी होता आणि त्याच्यावर लावता येतील असे दोन कायदे होते. पहिला कायदा त्याच वर्षाच्या सुरुवातीला संसदेने केलेला, अगदी कोरा करकरीत. राणीच्या प्रजेला तिच्या आज्ञेपासून फोडण्याचा अधिकार आपल्याला आहे असं सांगणारा, किंवा त्या हेतूने लोकांना रोमच्या धर्माकडे वळवणारा माणूस राजद्रोही, असं त्यात स्पष्ट लिहिलेलं. दुसरा एडवर्ड तिसऱ्याच्या काळातला, १३५१चा. राजाचा मृत्यू 'योजणं किंवा मनात आणणं' हा राजद्रोह, असं सांगणारा. तो तेव्हाच २३० वर्षं जुना झालेला होता.

कैदी होता एडमंड कॅम्पियन, येशूसंघाचा, म्हणजे जेझुइट पंथाचा, कॅथलिक धर्मगुरू. तो वर्षभर इंग्लंडभर लपतछपत फिरून मिस्सा ही कॅथलिक उपासना अर्पण करत होता, भाविकांचे पापांचे कबुलीजबाब ऐकत होता, प्रवचनं देत होता. हे त्याने कधीच नाकारलं नव्हतं. नव्या कायद्याचा आधार घेतला असता, तर सरकारला फारसं काही सिद्ध करावं लागलं नसतं. तरीही सरकारने तो कायदा बाजूला ठेवला आणि जुना बाहेर काढला. ट्यूडर काळात फासावर गेलेल्या शंभराहून जास्त कॅथलिक धर्मगुरूंच्या कथा श्रद्धेने सांगितल्या जातात, आणि त्यात यातनांची वर्णनं खूप असतात. मला या प्रकरणात जास्त रस वाटतो तो कलमांच्या या निवडीत. सगळा खटला तिथेच घडला आणि तिथेच फसला.

माणूस

कॅम्पियन १५४०मध्ये लंडनमध्ये एका पुस्तकविक्रेत्याच्या घरी जन्मला. मुलगा हुशार. तेरा वर्षांचा असताना, १५५३मध्ये एलिझाबेथच्या आधीची कॅथलिक राणी मेरी लंडनमध्ये आली तेव्हा शाळकरी मुलांच्या वतीने तिच्यापुढे लॅटिनमध्ये स्वागताचं भाषण करायला त्याला उभं केलं होतं. पुढे ऑक्सफर्डच्या सेंट जॉन्स कॉलेजात तो शिकला, तिथेच शिकवू लागला. १५६६मध्ये एलिझाबेथ ऑक्सफर्डला आली, तेव्हाही तिच्यापुढे वादविवाद करायला हाच. विषय चंद्र आणि भरती-ओहोटीचा. राणी खूश झाली, तिचा लाडका सरदार लेस्टरचा अर्ल रॉबर्ट डडली याने त्याला आश्रय देऊ केला. राणीचा मुख्य मंत्री, बर्लीचा लॉर्ड म्हणून पुढे ओळखला गेलेला विल्यम सेसिलही त्याच्याबद्दल चांगलं बोलत असे. म्हणजे ज्या मंडळींनी पुढे त्याच्या मृत्यूवर शिक्कामोर्तब केलं, त्यांना तो चांगला ठाऊक होता. तो इंग्लंडच्या प्रॉटेस्टंट, म्हणजे अँग्लिकन चर्चचा डीकनही झाला, धर्मगुरूपदाच्या आधीची पायरी. बिशपपदापर्यंत वाट मोकळी होती.

ती वाट त्याला जमली नाही. मनात शंका होत्या, त्या वाढत गेल्या. आधी आयर्लंड, मग फ्लँडर्समधल्या दुए इथलं इंग्लिश कॉलेज. इंग्लंडमधून परागंदा झालेल्या विल्यम ॲलन यांनी ते १५६८मध्ये सुरू केलं होतं, इंग्लंडसाठी धर्मगुरू तयार करायला. तिथून १५७३मध्ये तो यात्रेकरूसारखा पायी रोमला गेला आणि येशूसंघात दाखल झाला. पुढची वर्षं बोहेमियात गेली. प्रागमध्ये तो शिकवत होता, १५७८मध्ये तिथेच त्याला धर्मगुरूपदाची दीक्षा मिळाली. प्रागमध्ये त्याचं आयुष्य निवांत गेलं असतं. १५८०मध्ये बोलावणं आलं: इंग्लंडला जायचं.

पोपचा तो फतवा

कॅम्पियन कोणत्या इंग्लंडमध्ये परत येत होता, हे न सांगता खटल्याकडे वळणं सरकारवर अन्याय ठरेल.

१५७०मध्ये पोप पायस पाचवे यांनी फतवा काढून एलिझाबेथला धर्मबहिष्कृत केलं होतं. तेवढ्यावर न थांबता तिला सिंहासनावरून पदच्युत जाहीर केलं आणि प्रजेला तिच्याप्रती असलेल्या निष्ठेच्या शपथेतून मोकळं केलं. त्या एका कागदाने इंग्लंडमधल्या प्रत्येक कॅथलिकाला अडचणीत आणलं. राणीशी एकनिष्ठ राहिलो तर पोपची अवज्ञा, पोपचं ऐकलं तर राजद्रोह. आदल्याच वर्षी उत्तरेकडच्या सरदारांचं बंड झालं होतं. १५७९मध्ये आयर्लंडमध्ये बंडखोरांसोबत पोपचा प्रतिनिधी म्हणून निकोलस सँडर हा इंग्लिश धर्मगुरू उतरला. कॅम्पियन इंग्लंडमध्ये पोहोचल्यानंतर काही आठवड्यांत आयर्लंडच्या स्मर्विकला पोपच्या पैशाने आलेली काही शे माणसांची फौज उतरली. मेरीच्या पाच वर्षांच्या कारकिर्दीत सुमारे २८० प्रॉटेस्टंट जिवंत जाळले गेले होते, ती आठवणही अजून ताजी होती. एलिझाबेथच्या मंत्र्यांची भीती खोटी नव्हती.

कॅम्पियन आणि त्याचा वरिष्ठ सोबती रॉबर्ट पर्सन्स यांनाही या फतव्याची धग कळत होती. रोम सोडण्याआधी त्यांनी पोप ग्रेगरी तेरावे यांच्याकडून एक खुलासा मिळवला: सध्याच्या परिस्थितीत हा फतवा इंग्लिश कॅथलिकांना बांधील नाही. प्रामाणिकपणे पाहिलं तर ही सोय फार लंगडी होती. 'सध्याच्या परिस्थितीत' या शब्दांत उद्याची परिस्थिती बदलू शकते हे आलंच. हा खुलासा सरकारच्या हाती लागला, तेव्हा त्यांनी तो नेमका तसाच वाचला.

तेरा महिने

२५ जून १५८०च्या सुमारास कॅम्पियन जवाहिऱ्याच्या वेशात डोव्हरला उतरला. महापौराला संशय आला, कारण विल्यम ॲलन यांचा भाऊ येणार असल्याची खबर होती. त्याने धरलं, प्रश्न विचारले, आणि मग का कोण जाणे सोडून दिलं.

लंडनबाहेर हॉक्स्टनला पर्सन्स आणि कॅम्पियन निघायच्या तयारीत असताना थॉमस पाऊंड नावाचा माणूस घोड्यावरून आला. तो मार्शलसी तुरुंगातला कैदी. पहारेकऱ्यांना पैसे चारून काही तासांसाठी बाहेर पडलेला. त्याचं म्हणणं असं की तुम्ही पकडले गेलात तर सरकार तुमच्या नावावर वाटेल ते खपवेल. तेव्हा आपण कशासाठी आलोय ते आताच लिहून ठेवा. कॅम्पियनने टेबलाशी बसून अर्ध्या तासात एक पत्र लिहिलं, राणीच्या प्रिव्ही कौन्सिलला, म्हणजे तिच्या सल्लागार मंडळाला, उद्देशून. पर्सन्सने आपलं पत्र मोहोरबंद करून दिलं. कॅम्पियनने उघडंच दिलं. पाऊंडने ते वाचलं, त्याला राहवलं नाही, त्याने इतरांना दाखवलं, आणि काही दिवसांत त्याच्या नकला गावोगाव फिरू लागल्या.

या पाऊंडशी मराठी वाचकाचं एक नातं आहे, ते इथेच सांगून टाकतो. पाऊंडसोबत रोमला जाऊन येशूसंघात शिरायचं ठरवलेला त्याचा जिवलग मित्र म्हणजे थॉमस स्टीफन्स. पाऊंड निघण्याआधी पकडला गेला. स्टीफन्स एकटाच गेला, १५७५मध्ये संघात दाखल झाला आणि तुरुंगातल्या मित्रालाही संघात घ्यावं म्हणून त्याने रोममध्ये वरिष्ठांचं मन वळवलं. मग तो लिस्बनहून निघून २४ ऑक्टोबर १५७९ला गोव्यात उतरला. रायतूरला १६१६मध्ये छापलेलं 'ख्रिस्तपुराण' त्याचंच. कॅम्पियन लंडनमध्ये तळघरात मिस्सा अर्पण करत होता, तेव्हा हा दुसरा इंग्लिश येशूसंघी गोव्यातल्या साष्टीत होता, जिथे पोर्तुगीज सत्तेने देवळं पाडली होती आणि चोरून पूजा करण्याची पाळी हिंदूंवर आली होती. गोव्यात इन्क्विझिशन १५६०पासूनच सुरू होतं. एकाच संघाची माणसं एका देशात फासाच्या दोरीखाली होती आणि दुसऱ्या देशात राजसत्तेच्या पंखाखाली. श्रद्धेने लिहिलेल्या चरित्रांत या दोन गोष्टी शेजारीशेजारी क्वचित येतात.

कॅम्पियनच्या त्या पत्रातलं खटल्याच्या दृष्टीने कळीचं वाक्य असं: ज्यांनी मला पाठवलं त्यांनी या राज्याच्या राजकारणात वा धोरणात लक्ष घालायला मला सक्त मनाई केली आहे, आणि माझ्याही मनात तसं काही नाही. पत्राच्या शेवटी सूर चढलेला आहे. हिशेब मांडून झाला, काम सुरू झालं, हे देवाचं आहे, थोपवता येणार नाही. विरोधकांनी या पत्राला 'कॅम्पियनची बढाई' असं नाव ठेवलं आणि तेच चिकटलं.

पुढचं वर्ष तो घराघरांत फिरत होता. सरदार-जमीनदारांच्या वाड्यात रात्री यायचं, कबुलीजबाब ऐकायचे, पहाटे मिस्सा आणि प्रवचन, मग पुढच्या घरी. दरम्यान नवा कायदा झाला. चर्चला न जाणाऱ्याचा दंड आठवड्याला १२ पेन्सवरून महिन्याला २० पौंडांवर गेला. मिस्सा अर्पण करणाऱ्याला २०० मार्क दंड आणि वर्षभराची कैद. तरी २७ जून १५८१ला ऑक्सफर्डच्या सेंट मेरी चर्चमध्ये पदवीदानाला लोक जमले, तेव्हा बाकांवर कॅम्पियनच्या लॅटिन पुस्तिकेच्या काही शे प्रती पडलेल्या होत्या. हेन्लीजवळच्या स्टोनर इथल्या वाड्यात, गुप्त छापखान्यात छापलेल्या. ज्या विद्यापीठात राणीने त्याचं कौतुक केलं, तिथेच त्याने हे आव्हान ठेवलं. अशा धाडसाला डिवचणं म्हणतात, आणि सरकार डिवचलं गेलंच.

तीन आठवड्यांत तो पकडला गेला. बर्कशरमध्ये लायफर्ड ग्रेंज नावाच्या वाड्यात १६ जुलैच्या रविवारी त्याने मिस्सा आणि प्रवचन केलं. ऐकणाऱ्यांत जॉर्ज एलियट होता. पूर्वी कॅथलिक घरांत नोकरीला असलेला, म्हणून स्वयंपाक्याच्या ओळखीवर सहज आत शिरलेला. त्याच्यावर खुनाचा आरोप होता आणि धर्मगुरू पकडून देणं हा त्याचा सुटकेचा मार्ग. दुपारी तो शिपाई घेऊन परतला. रात्रभर झडती, काही मिळेना. दुसऱ्या दिवशी सकाळी निघता निघता जिन्यावरच्या भिंतीत एका फटीतून उजेड येताना एकाला दिसला. भिंत फोडली. आत कॅम्पियन आणि आणखी दोन धर्मगुरू, थॉमस फोर्ड आणि जॉन कॉलिंग्टन, दाटीवाटीने पडलेले. या दोघांची नावं लक्षात ठेवावीत. खटल्यात ती पुन्हा येतात.

लंडनमध्ये त्याची धिंड काढली. हात बांधलेले, टोपीवर कागद: 'राजद्रोही जेझुइट कॅम्पियन'. म्हणजे आरोप ठरण्याआधीच शीर्षक ठरलेलं होतं.

टॉवरमधले चार महिने

टॉवर म्हणजे लंडनचा किल्ला-तुरुंग. आधी गोडीगुलाबी. त्याला लेस्टरच्या घरी नेलं, जुन्या आश्रयदात्यांपुढे उभं केलं. पुढे न्यायालयात तो स्वतःच म्हणाला की राणीने आपल्याला विचारलं होतं, मला तुझी राणी मानतोस की नाही. आणि मी हो म्हणालो. चर्च बदललं असतं तर जीव वाचला असता, पदही मिळालं असतं.

मग रॅक. हातपाय ताणून सांधे उखडणारं यंत्र. इंग्लंडच्या नेहमीच्या कायद्यात छळ करून जबाब काढायला जागा नव्हती, म्हणून प्रिव्ही कौन्सिल खास हुकूम काढत असे. जुलैअखेर ते ऑक्टोबरअखेर असे हुकूम एकाहून जास्त वेळा निघाले. विचारलं जायचं ते असं: कुणाकुणाच्या घरी राहिलास? कबुलीजबाबात कोण काय म्हणालं? पोपच्या फतव्याबद्दल तुझं मत काय? पोपची फौज आली तर तू कुणाच्या बाजूने लढशील?

त्याने काही घरांची नावं सांगितली. हे झाकण्यात अर्थ नाही. त्या जबाबांवरून धरपकड झाली. लॉर्ड वॉक्स आणि सर थॉमस ट्रेशम यांच्यासारख्या मोठ्या माणसांना नोव्हेंबरमध्ये स्टार चेंबर या खास न्यायालयापुढे उभं केलं गेलं. त्यातली किती नावं सरकारला आधीच माहीत होती, यावर वाद घालता येतो. पण त्याला स्वतःला ते लागलं. त्याने तुरुंगातूनच पाऊंडला लिहिलं की ज्यांनी आसरा दिला त्यांची नावं सांगून मी अपराध केला. समाधान एवढंच की तिथे ऐकलेलं कोणतंही गुपित मी सांगितलं नाही, आणि रॅक येवो की दोर, सांगणार नाही. हे पत्र मधेच अडवलं गेलं.

छळाच्या मधल्या काळात, ऑगस्टअखेर आणि सप्टेंबरमध्ये, सरकारने त्याला टॉवरमध्ये जाहीर वादविवादाला बसवलं. समोर सेंट पॉल्सचे डीन अलेक्झांडर नॉवेल यांच्यासारखे विद्वान, पुस्तकांच्या चळतीसकट. याच्यासमोर टेबल नाही, तयारीला वेळ नाही, पुस्तकं नाहीत, आणि प्रश्न विचारायची मुभाही नाही, फक्त उत्तरं द्यायची. असे चार वाद झाल्यावर सरकारने ते आवरतं घेतलं. ऐकायला आलेल्यांत अरुंडेलचा अर्ल फिलिप हॉवर्ड होता. तो काही वर्षांनी कॅथलिक झाला आणि १५९५मध्ये टॉवरमध्येच कैदी म्हणून मेला.

दोन आरोपपत्रं

आता मूळ मुद्दा. सरकारच्या कागदपत्रांत कॅम्पियनवरच्या आरोपपत्राचा एक आधीचा मसुदा आहे. त्यात एकटा कॅम्पियन आरोपी, आणि आरोप नव्या कायद्यानुसार: राणीच्या प्रजेला तिच्या आज्ञेपासून मोकळं करण्याचा अधिकार आपल्याला आहे असा त्याने दावा केला. तो मसुदा वापरला गेला नाही.

वापरलं गेलं ते वेगळंच. त्यात परदेशात असलेले ॲलन आणि पर्सन्स यांच्यासकट वीसजणांच्या आसपास नावं. आरोप असा की या सर्वांनी १५८०च्या मार्च ते मे महिन्यांत रोम आणि फ्रान्समधल्या रॅंस इथे, आणखीही काही ठिकाणी, राणीला ठार मारून राज्य उलथवण्याचा आणि परकीय फौज आणण्याचा कट केला. कायदा १३५१चा.

का? मला तीन कारणं दिसतात आणि त्यातलं पहिलं सर्वांत वजनदार आहे. नव्या कायद्याने शिक्षा झाली असती, तर इंग्लंड माणसांना धर्मासाठी मारतं हे युरोपभर छापून आलं असतं. मेरीने प्रॉटेस्टंटांना धर्मासाठी जाळलं, आम्ही मात्र कुणाच्या अंतःकरणात डोकावत नाही, फक्त राजद्रोह्यांना शिक्षा करतो, यावर एलिझाबेथच्या राज्याची सारी प्रतिष्ठा उभी होती. दुसरं कारण वेळेचं. आंजूचा ड्यूक, फ्रान्सच्या राजाचा कॅथलिक भाऊ, त्याच नोव्हेंबरमध्ये राणीशी लग्न करायच्या आशेने लंडनमध्ये होता. कडव्या प्रॉटेस्टंटांना भीती होती की राणी कॅथलिकांबाबत मवाळ होणार. त्यांना काहीतरी दाखवणं भाग होतं, पण पाहुण्याच्या नाकासमोर त्याच्याच पंथाच्या धर्मगुरूला 'मिस्सा अर्पण केली' म्हणून फासावर देणं अडचणीचं. तिसरं म्हणजे एका मोठ्या कटाच्या आरोपात बाकीचे पकडलेले धर्मगुरूही एका झटक्यात ओवता येत होते.

हिशेब कागदावर चोख होता. अडचण एवढीच की आता असा कट सिद्ध करायचा होता, ज्यातले कित्येक 'कटवाले' एकमेकांना न्यायालयातच पहिल्यांदा भेटत होते.

वेस्टमिन्स्टर हॉल

१४ नोव्हेंबरला आरोप वाचून दाखवले. रीत अशी की आरोपीने हात वर करून 'निर्दोष' म्हणायचं. कॅम्पियनचे हात रॅकमुळे निकामी झाले होते, फरच्या बाहीत गुंडाळलेले. त्याला हात उचलता येईना. शेजारच्या सोबत्याने त्याच्या हाताचं चुंबन घेतलं, बाही काढली आणि जमेल तेवढा त्याचा हात वर धरला.

२० तारखेला खटला चालला. न्यायाधीश सर ख्रिस्टोफर रे. सरकारतर्फे एडमंड अँडरसन, ॲटर्नी जनरल जॉन पॉपहॅम आणि सॉलिसिटर जनरल थॉमस एगर्टन. आरोपींना वकील नाही, त्या काळी राजद्रोहाच्या आरोपीला तो मिळतच नसे. बचाव जवळजवळ एकट्या कॅम्पियनने केला.

साक्षीदार कोण? जॉर्ज एलियट, ज्याची कहाणी वर आलीच. अँथनी मंडे, जो रोमच्या इंग्लिश कॉलेजात काही महिने विद्यार्थी म्हणून खाऊनपिऊन राहिला होता आणि पुढे लंडनमध्ये नाटककार म्हणून नावारूपाला आला. आणि स्लेड नावाचा, रोममध्ये इंग्रजांकडे नोकर राहिलेला खबऱ्या. एलियट म्हणाला, लायफर्डच्या प्रवचनात कॅम्पियनने एका मोठ्या दिवसाचं भाकीत केलं. सरकारी वकिलांनी ते उचललं: पाहा, उठावाचा दिवस. कॅम्पियनचं उत्तर असं की धर्म पुन्हा उभा राहील त्या दिवसाची आस मी बोललो, आणि अखेरच्या न्यायाच्या दिवसाचा धाक तर प्रत्येक प्रवचनकार घालतोच.

मग ते पाऊंडला लिहिलेलं पत्र वाचलं. वकिलांनी विचारलं, जी गुपितं दोर आला तरी सांगणार नाहीस, ती राजद्रोहाची नसतील तर कसली? उत्तर सरळ होतं. धर्मगुरू झालो तेव्हा कबुलीजबाबात ऐकलेलं कधीही न सांगण्याची शपथ घेतली, त्याबद्दल लिहिलंय. मला सगळ्या कामकाजातला हा प्रसंग महत्त्वाचा वाटतो. एकाच ओळीचे दोन अर्थ, दोन्ही शक्य, आणि ज्युरीने कोणता धरायचा हे पुराव्यावर नाही, आधीच्या भीतीवर अवलंबून.

फतव्याच्या प्रश्नावर मात्र कॅम्पियन सरळ बोलला नाही. पोपला राणीला पदच्युत करता येतं का, हा विद्यापीठात चर्चा करायचा प्रश्न आहे, न्यायालयात ठरवायचा नाही, अशी त्याची भूमिका होती. तत्त्वतः बरोबर असेल. पण स्मर्विकला फौज उतरून वर्ष झालेलं असताना ज्युरीतल्या बारा लंडनकरांना ते कसं ऐकू आलं असेल, याची कल्पना करता येते. सरकारची सर्वांत भक्कम बाजू हीच होती, आणि तीच आरोपपत्रात नव्हती.

दुसऱ्या दिवशी उरलेल्यांचा खटला चालला आणि कटाच्या गोष्टीला तडा गेला. लायफर्डला कॅम्पियनसोबत सापडलेला जॉन कॉलिंग्टन याच्यावर आरोप होता की तो अमुक दिवशी रॅंसमध्ये कट करत होता. एक माणूस उभा राहिला आणि शपथेवर म्हणाला, त्याच दिवशी हा लंडनमध्ये ग्रेज इन इथे माझ्याशी बोलत होता. कॉलिंग्टन फासावरून वाचला. आता तिसरा, थॉमस फोर्ड. तोही १५७६पासून इंग्लंडमध्येच होता, म्हणजे १५८०च्या वसंतात परदेशात कट करायला जाणं त्यालाही शक्य नव्हतं. पण त्याच्यासाठी उभं राहायला कुणी साक्षीदार मिळाला नाही. त्याला शिक्षा झाली आणि २८ मे १५८२ला टायबर्न या लंडनच्या फाशीच्या जागी तो फासावर गेला. एकाच भिंतीआड सापडलेल्या दोघांपैकी एक सुटला, एक मेला, आणि फरक एका ओळखीच्या माणसाचा.

कॅम्पियनच्या ज्युरीने तासाभरात 'दोषी' म्हटलं. शिक्षेआधी काही म्हणायचंय का, असं विचारल्यावर तो म्हणाला: आमचा धर्मच आम्हाला राजद्रोही ठरवत असेल, तर आम्ही शिक्षेला पात्र आहोत, नाहीतर राणीला मिळाली असेल तेवढी चांगली प्रजा आम्ही आहोत आणि होतो. आम्हाला दोषी ठरवताना तुम्ही तुमच्या सगळ्या पूर्वजांना, जुन्या धर्मगुरूंना, बिशपांना, राजांना दोषी ठरवताय. म्हणजे जे कलम सरकारने गुंडाळून ठेवलं होतं, ते आरोपीनेच भर न्यायालयात उलगडून दाखवलं.

टायबर्न

१ डिसेंबर १५८१. पावसाने रस्त्यात चिखल. तिघांना, कॅम्पियन, राल्फ शेरविन आणि अलेक्झांडर ब्रायंट, घोड्यांमागे काटक्यांच्या तट्ट्यांवर बांधून फरपटत नेलं. फाशीच्या ठिकाणी एक जाहीरनामा वाचला गेला: ही माणसं धर्मासाठी नाही, राजद्रोहासाठी मरत आहेत. ज्या सरकारला हे मोठ्याने वाचून दाखवावं लागतं, त्याला लोकांच्या मनात काय आहे ते कळलेलं असतं.

कॅम्पियन प्रार्थना करू लागला तेव्हा कुणीतरी विचारलं, कोणत्या राणीसाठी? तो म्हणाला, एलिझाबेथसाठी, तुमच्या आणि माझ्या राणीसाठी. तिला दीर्घ, शांत आणि भरभराटीचं राज्य लाभो. मग त्याच्या पायाखालची गाडी पुढे ओढली गेली. नंतर रीतीप्रमाणे प्रेत चिरून तुकडे करताना रक्ताचे शिंतोडे पुढे उभ्या असलेल्या हेन्री वॉलपोल या तरुणाच्या अंगावर उडाले. तो कायद्याचा विद्यार्थी होता. त्याने कॅम्पियनवर लांबलचक कविता लिहिली. ती छापल्याबद्दल छापणाऱ्याचे कान कापले. वॉलपोल देश सोडून येशूसंघात गेला, परत आला, आणि ७ एप्रिल १५९५ला यॉर्कला फासावर गेला.

सरकारने काढलेला धडा

१५८३मध्ये बर्लीने स्वतः एक पुस्तिका काढून युरोपला समजावलं की इंग्लंडने धर्मासाठी कुणालाही मारलेलं नाही. पुढच्या वर्षी ॲलन यांनी त्याला सविस्तर उत्तर दिलं. माझ्या मते दोघांचंही अर्धं बरोबर होतं. फतव्यामुळे इंग्लंडला खरा धोका होता आणि ॲलन यांच्यासारखी माणसं पुढे स्पेनच्या स्वारीच्या बाजूने उघड उभी राहिली, हे बर्लीचं म्हणणं नाकारता येत नाही. पण कॅम्पियनने रोम किंवा रॅंसमध्ये राणीच्या खुनाचा कट केला, याचा विश्वास ठेवावा असा पुरावा सरकारकडे नव्हता, आणि तो त्यासाठीच फासावर गेला.

१५८५मध्ये संसदेने नवा कायदा केला. १५५९नंतर परदेशात दीक्षा घेतलेला इंग्लिश धर्मगुरू राज्यात सापडला की तेवढ्यानेच तो राजद्रोही, आणि त्याला आसरा देणारा गुन्हेगार. त्याला दीक्षा मिळालेली आहे आणि तो इंग्लंडमध्ये आहे, एवढं दाखवलं की काम झालं. मंडे नको, एलियट नको, रॅंसच्या तारखा नकोत. १५८६मध्ये यॉर्कला मार्गारेट क्लिदरो ही खाटकाची बायको धर्मगुरूंना लपवल्याच्या आरोपावरून पकडली गेली. तिने खटल्याला उत्तर द्यायलाच नकार दिला, म्हणून तिला वजनाखाली चिरडून मारलं.

फेब्रुवारी १५९५मध्ये वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये रॉबर्ट साउथवेल हा दुसरा येशूसंघी कवी-धर्मगुरू उभा होता. त्यालाही छळलेलं होतं. न्यायाधीशाच्या आसनावर आता जॉन पॉपहॅम, तेरा वर्षांपूर्वी कॅम्पियनविरुद्ध बोललेला ॲटर्नी जनरल. साउथवेलने आपण धर्मगुरू असल्याचं लगेच मान्य केलं, राजद्रोह नाकारला. या वेळी त्याच्या म्हणण्याचा खटल्यावर काही परिणाम होणार नव्हता, कारण नव्या कलमात पहिलं मान्य करणं हेच दुसरं सिद्ध होणं होतं. २१ फेब्रुवारीला त्याला टायबर्नला फाशी झाली.